बाबांचं दुकान आणि लेकीचा रिपोर्ट

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पंढरपूर तालुक्यातल्या एका गावची. वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करते आहे. द्राक्षावरची डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आणि तिच्यात बुरशीनाशकांविरुद्ध आलेला प्रतिकार हा माझा विषय. नमुने आमच्याच पट्ट्यातल्या बागांतून गोळा केले. माझ्या वडिलांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे आणि नमुन्याच्या निम्म्याहून जास्त बागा आमच्या गिऱ्हाइकांच्या आहेत. पानांच्या चकत्यांवर चाचण्या घेतल्या, तर बहुतेक ठिकाणची डाऊनी स्ट्रॉबिल्युरिन गटाच्या बुरशीनाशकाला लेबलवरच्या मात्रेतही दाद देत नाही असं दिसलं. हीच औषधं बाबा कितीतरी वर्षं विकतात. ऑक्टोबर छाटणीसाठीचा माल गोडाऊनला येऊनही पडलाय.

जेवताना मी हे बोलून गेले. बाबा एवढंच म्हणाले, "या दुकानावर शिकलीस आणि आता त्यालाच कुलूप लावायला निघालीस." तेव्हापासून ते धड बोलत नाहीत. काका म्हणतात, पेपर इंग्रजीत छापून घे, डिग्री घे, गावात कशाला वाच्यता? आणि ज्यांच्या बागेतून पानं आणली ते आईला रोज विचारतात, "पोरीचा रिपोर्ट काय आला?" छाटणी महिन्यावर आलीये. मी काय करू?

— एक लेक, पंढरपूर तालुका

लेकी,

गावाला सांगायचं, आणि छाटणीच्या आधी सांगायचं. पण गावाच्या आधी बाबांना, आणि बाबांच्याही आधी आपला निकाल नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही हे स्वतःशी पक्कं करायचं. जेवणाच्या ताटावर हे सगळं एकदम बाहेर पडलं, म्हणून बाबांना त्यात संशोधन दिसलंच नाही, नुसता आरोप ऐकू आला.

निकालापासून सुरुवात करते. मी आयुष्यभर रोगशास्त्रातच काम केलं, त्यामुळे इथे थोडी कडक बोलेन. डाऊनी प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढत नाही, तिला जिवंत पान लागतं, म्हणून तू चकत्या वापरल्यास हे बरोबर. पण पानं कुठल्या बागांतली? "औषधाला रिझल्ट नाही" अशी तक्रार करणाऱ्यांकडेच आधी गेली असशील, तर तू तक्रारीच्या बागा मोजल्यास, पट्टा मोजला नाहीस. मग "आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक बागांत प्रतिकार आहे" असं म्हणता येणार नाही. "रिझल्ट न आलेल्या बागांपैकी बहुतेकांत आहे" एवढंच म्हणता येईल. या दोन वाक्यांमधला फरक बाबांच्या दुकानाच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही.

तुलनेला औषध न पाहिलेली डाऊनी घेतली होतीस का? परसातल्या मांडवावरचा, कधीही न फवारलेला एखादा वेल गावात नक्की सापडेल. त्याच्या पानावरची डाऊनी त्याच दिवशी, त्याच द्रावणात ठेवायची. ती मेली आणि बागेतली जगली, तरच तुझं द्रावण नीट होतं हे सिद्ध होतं. आणि जमेल तेवढ्या नमुन्यांचं जनुक वाचून घे. सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन जाऊन अॅलॅनिन आलं की या गटाचं औषध आपल्या जागी बसतच नाही. हा बदल अर्धामुर्धा नसतो, म्हणून मात्रा दुप्पट केली तरी उपयोग होत नाही. तो एका औषधापुरताही नसतो. अझॉक्सीस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रॉबिन, क्रेसॉक्सिम-मिथाइल, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रॉबिन, आणि नावात स्ट्रॉबिन नसलेलं फॅमोक्साडोनसुद्धा, ही सगळी गट क्रमांक ११ मधली आहेत, म्हणजे रोगाच्या पेशीत एकाच जागी घाव घालणारी, आणि सगळी एकदम निकामी होतात. भारतातल्या द्राक्षबागांतून अशा प्रतिकाराची नोंद आधीच झालेली आहे. तेव्हा तुझा निकाल जगावेगळा नाही. तो फक्त तुझ्या गावात, तुझ्या माणसांच्या बागेत निघाला आहे.

आता बागायतदार ज्याला "रिझल्ट नाही" म्हणतो, त्यातला प्रतिकाराचा वाटा किती, हे वेगळं काढायला हवं. डाऊनी ही खरी बुरशीच नव्हे. नात्याने ती तपकिरी शैवालांच्या जवळची. तिची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोजची असते, आणि खऱ्या बुरशा जे स्टेरॉल स्वतः बनवतात ते ती बनवत नाही. हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल ही ट्रायझोल औषधं नेमकं ते स्टेरॉल बनणं थांबवतात. म्हणून ती भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या खऱ्या बुरशीच्या रोगावर, चालतात, डाऊनीवर नाही. कार्बेन्डाझिमचंही तसंच, डाऊनीवर त्याचा उपयोग नाही. म्हणजे डाऊनीवर कार्बेन्डाझिम मारून रिझल्ट आला नाही, तर तो प्रतिकार नाही, औषधच चुकलेलं आहे.

याच्या पुढचा भाग तुझ्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. गट ११ चं औषध आणि ट्रायझोल असा कॉम्बी बाजारात असतो. बागायतदाराला वाटतं, दोन औषधं आहेत, डबल काम होईल. आता त्याच्या बागेतली डाऊनी गट ११ ला प्रतिकारक झालेली असेल, तर त्या पुड्यात डाऊनीवर काम करणारं काहीच उरत नाही. पैसे दोन औषधांचे गेले, संरक्षण शून्य, आणि वर पाच-सहा दिवस निर्धास्त राहिला तो वेगळाच. तुझ्या रिपोर्टातली ही एक गोष्ट जरी छाटणीआधी पोचली, तरी काही बागा वाचतील.

राहिलेली कारणंही तपास. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं असतं, आणि कॅप्टानसारखं औषध अल्कधर्मी पाण्यात फार लवकर मोडतं. टाकीतल्या पाण्याचा सामू (पीएच) कुणी मोजला होता का? डाऊनीचे बीजाणू पाण्याच्या थरात पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. ब्लोअरने वरची बाजू चकचकीत भिजली आणि खालची कोरडी राहिली, तर औषध कितीही चांगलं असो, काय करणार? आणि पानाखाली पांढरा कापूस दिसल्यावर मारलेला हात, म्हणजे फवारणी, उशिराचाच. ही सगळी कारणं वजा करून जे उरतं तो प्रतिकार. ही वजाबाकी तू आपणहून गावासमोर केलीस, तर तुझ्या उरलेल्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतील.

आता बाबांकडे येऊ.

त्यांनी काय ऐकलं असेल याचा विचार कर. ज्या माणसाने वीस-वीस वर्षं गावाला उधारीवर औषध दिलं, बेदाण्याचे पैसे येईपर्यंत थांबला, अवकाळीने घड झडले त्या वर्षी वसुलीला दारात गेला नाही, त्याला घरची मुलगी सांगते की तू देत होतास ते चालत नव्हतं. त्यांना वाटलं, लेक आपल्याला फसवणारा म्हणते आहे. आणि गोडाऊनमध्ये माल पडून आहे, त्याचे पैसे बहुधा आधीच गुंतलेत. रागामागे ही दोन दुखणी आहेत, एक अब्रूचं आणि एक पैशाचं. दोन्हींना वेगळं उत्तर लागतं.

अब्रूच्या दुखण्यावर त्यांना इतिहास सांग. मेटॅलॅक्झिल हे औषध १९७७ च्या सुमारास बाजारात आलं. १९८० मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावरच्या करप्याने त्याला दाद देणं बंद केलं. फक्त तीन वर्षांत. हा करपा डाऊनीच्याच गोत्रातला. ते औषध तिथे एकटंच फवारलं जात होतं. तेव्हापासून त्याला जोडीदार देण्याची पद्धत रुळली. मेटॅलॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असा जो पुडा बाबांनी शेकड्यांनी विकला असेल, त्यातलं मॅन्कोझेब याच धड्यातून आलं आहे. १९८१ मध्ये औषध कंपन्यांनीच मिळून बुरशीनाशक प्रतिकारावर समिती स्थापन केली, आणि आज आपण जे गट क्रमांक वापरतो ते तिचेच. पुढे १९९६ मध्ये स्ट्रॉबिल्युरिन आली आणि १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीने तिला ओलांडलं. दोन वर्षांत. तिथे शिकलेले शेतकरी होते, चांगली यंत्रं होती, सल्ला होता. तरी झालं. तिथे तुझ्या बाबांचं दुकान नव्हतं. एकाच जागी नेम धरणारं औषध पुन्हा पुन्हा वापरलं की हे होतंच, विकणारा कितीही प्रामाणिक असो.

आणि त्यांना, पुढे गावालाही, समजावताना "औषधाने बुरशी बिघडवली" असं म्हणू नकोस. औषध काहीही निर्माण करत नाही. लाखो बीजाणूंत एखाददुसरा वेगळा असतोच, औषध बाकीचे मारतं आणि त्याला मोकळं रान मिळतं. सोलापूरच्या द्राक्षवाल्याला ही गोष्ट नवी नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन या द्राक्षाच्या वाणातून निवड करून सोनाका हा वाण काढला. हजारो वेलींत जे वेगळं होतं ते हेरलं, वाढवलं आणि ते जिल्ह्याबाहेरही पसरलं. फवारणीही निवडच करते, पण तिला द्राक्षाचं भलं कळत नाही. सोनाका ज्याने लावलाय त्याला हे एका वाक्यात कळेल.

पैशाच्या दुखण्यावर मात्र कोरडा धीर देऊ नकोस, हिशोबाला बस. कोणता माल आलाय, कोणता वितरक परत घेईल किंवा बदलून देईल, हे छाटणीआधी विचारलं तर काही मार्ग निघतो, नोव्हेंबरात नाही. सगळाच माल वाया गेला असंही समजू नका. कॉम्बीतलं ट्रायझोल भुरीवर काम करू शकतं. पण गट ११ तुमच्याकडच्या भुरीवर अजून चालतो का, हे तू तपासलेलं नाहीस, तेव्हा बाबांना बरं वाटावं म्हणून "भुरीवर चालेल" असं तोंडून जाऊ देऊ नकोस. भुरीचेही नमुने घे. तेही जिवंत पानावरच तपासावे लागतात, तुला पद्धत येते.

आणि आता माझ्या सल्ल्यातली मुख्य गोष्ट. बाबांकडे समजूत काढायला जाऊ नकोस, काम घेऊन जा. तुझ्या संशोधनात एक मोठं भोक आहे आणि ते फक्त तेच बुजवू शकतात. कोणत्या बागेत, कोणत्या वर्षी, कोणतं औषध किती वेळा गेलं, हे तुला ठाऊक नाही. बागायतदाराला विचारलंस तर त्याला गेल्या हंगामाचं जेमतेम आठवेल. बाबांच्या बिलबुकात आणि उधारीच्या वहीत मात्र ते तारखेसह लिहिलेलं आहे. जगभरच्या प्रतिकाराच्या अभ्यासांत फवारणीचा इतिहास हीच सगळ्यात दुर्मिळ माहिती असते, आणि तुझ्या घरात ती कपाटभर पडली आहे. "बाबा, माझा निकाल अर्धा आहे, तुमच्या वह्यांशिवाय त्याचा अर्थ लागत नाही" असं म्हण, कारण ते शंभर टक्के खरं आहे. ज्या बागेत गट ११ हंगामात पाच-सहा वेळा गेला आणि ज्या बागेत एकदाच गेला, त्यांच्या निकालात फरक आहे का? असेल तर तो तुझ्या प्रबंधाचा कणा होईल. आणि तो बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींवरून पाहिलेला असेल. मग तुला पटवावं लागणार नाही.

दोन पथ्यं मात्र पाळ. वहीतलं गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याची उधारी प्रबंधात येता कामा नये, बागांना क्रमांक दे, आणि त्या बागायतदाराला विचारूनच त्याच्या नोंदी वापर. आणि वडिलांचं औषधांचं दुकान आहे हे तुझ्या मार्गदर्शकांना आजच सांग, पेपरमध्येही लिही. उद्या कुणीतरी ते काढेलच. आधी सांगितलेलं असलं म्हणजे त्यात लपवलेलं काही उरत नाही.

काकांचं म्हणणं मला मान्य नाही, अजिबात नाही. त्या माणसांनी तुला बागेत घेतलं, पानं तोडू दिली. त्यांची बाग तुझी प्रयोगशाळा होती. निकाल त्यांना परक्या भाषेतल्या पेपरातून, तोही वर्षभराने कळायचा, आणि तोवर त्यांनी आणखी एका हंगामाचं औषध ओतायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. काकांना पोरीची काळजी आहे हे कळतं. पण मार्गदर्शकांशी बोलून प्राथमिक निष्कर्ष शेतकऱ्यांना सांगणं यात पेपरला बाधा येत नाही. काय बोलायचं एवढं त्यांच्याकडून ठरवून घे.

पण काकांच्या म्हणण्यात एक शहाणपण दडलंय, तेही घे. नुसती वाच्यता करू नकोस. "अझॉक्सी फेल" एवढे दोन शब्द व्हॉट्सअॅपवर गेले तर काय होईल, बघ. आठवड्यात अख्खा पट्टा दुसऱ्या एका औषधावर उडी मारेल. ते बहुधा डायमेथोमॉर्फ, मॅन्डीप्रोपामिड किंवा इप्रोव्हॅलीकार्ब असेल. नावं तीन, कंपन्या वेगळ्या, डबे वेगळे, पण गट एकच, ४०. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, असं मारत गेले तर औषध बदलल्याचं समाधान मिळतं, प्रत्यक्षात बुरशीवर तोच मारा चालू राहतो. या गटाचा प्रतिकार डाऊनीत अप्रभावी जनुकातून येतो, दोन्ही प्रती बदलाव्या लागतात, म्हणून तो गट ११ इतक्या झटपट येत नाही. हळू येतो, पण येतो. तेव्हा "काय मारू नका" हे सांगायच्या क्षणीच "मग काय करा" हे हातात असायला हवं. नाहीतर तुझ्या संशोधनामुळेच पुढचं औषध लवकर जाईल.

ते "काय करा" तू एकटी ठरवू नकोस. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी समोर ठेव, लेबल क्लेम (कोणतं औषध कोणत्या पिकावर मंजूर आहे) आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं) त्यांच्या यादीतूनच घे, आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या रोगशास्त्रज्ञांना बैठकीला बोलाव. मी फक्त कशावर जोर द्यावा ते सांगते.

पहिला जोर पाया म्हणून बहुस्थानी, म्हणजे एकाच वेळी अनेक जागी नेम धरणाऱ्या, औषधांवर. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण डाऊनीवर चालतं हे दाखवलं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून लोक ते निळं पाणी शिंपडत, आणि तेवढ्याच वेली रोगातून वाचलेल्या त्यांना दिसल्या. त्याला १४० वर्षं झाली, डाऊनीने तांब्याला अजून चकवलेलं नाही, कारण तांबं पेशीत एका नाही, अनेक ठिकाणी घाव घालतं. मॅन्कोझेबचंही तेच. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हे सगळ्यांना येतं, पण छाटणीनंतर काडी नागडी असताना ते मारायचा कंटाळा केला जातो. ही औषधं पानात शिरत नाहीत, रोगाच्या आधी पानावर हवीत. रोग आत गेल्यावर यांना बोल लावण्यात अर्थ नाही. फुलोऱ्यात आणि मण्यांवर तांब्याला मर्यादा आहेत. आणि युरोपियन युनियनने मॅन्कोझेबची मान्यता २०२० मध्ये पुढे चालू ठेवली नाही, त्यामुळे निर्यातीच्या बागेत अवशेषाची मर्यादा पाहिल्याशिवाय हात घालू नये, हेही स्पष्ट सांग.

दुसरा जोर गट क्रमांकांवर. आपल्याकडे शिफारस ब्रँडच्या नावाने चालते आणि सगळा गोंधळ तिथे होतो. बाबांच्या दुकानात, काउंटरच्या मागे एक मोठा तक्ता लावा. डाऊनीवर चालणाऱ्या प्रत्येक औषधापुढे त्याचा गट: मेटॅलॅक्झिल ४, सायमोक्सॅनिल २७, सायझोफॅमिड २१, डायमेथोमॉर्फ आणि त्याचे भाऊबंद ४०, स्ट्रॉबिल्युरिन ११. एकाच गटाचा हात लागोपाठ नको, हंगामात त्याची संख्या मोजून, आणि सोबतीला बहुस्थानी औषध. बिलावर गट क्रमांक लिहायची सवय बाबांनी लावली, तर पुढच्या फवारणीला शेतकरी तेच बिल घेऊन येईल. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने सुरू केलेली देसी पदविका बाबांनी केली असेल तर यातलं बरंच त्यांच्या कानावर असेलच, त्याची आठवण काढ.

तिसरी गोष्ट औषधाबाहेरची, आणि माझ्या मते तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्याकडे पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, आणि नेमकी तेव्हाच गोडी छाटणी, म्हणजे हीच ऑक्टोबर छाटणी, होऊन कोवळी फूट निघते. पावसाळ्यात जुन्या पानांवर जी डाऊनी राहिली, तीच या फुटीवर उतरते. छाटलेली पानं आणि रोगट काड्या बागेतच पडू देणं, एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या महिन्यांत "माल तर नाही ना" म्हणून फवारणी सोडून देणं, गर्दीची फूट वेळेवर न काढणं, यातून पुढच्या सहा फवारण्यांचं ओझं तयार होतं. फवारण्या कमी, तेवढा निवडीचा दाब कमी. आणि हे एकट्याने करून भागत नाही. प्रतिकारक बीजाणू बांध ओळखत नाहीत, वाऱ्या-पावसाबरोबर शेजारी जातात. म्हणून बैठक अख्ख्या शिवाराची हवी, आपल्या दुकानाच्या गिऱ्हाइकांपुरती नको. समोरच्या दुकानदारालाही बोलवा. बाबांना हे जड जाईल, तरी बोलवा. द्राक्ष बागायतदार संघाच्या सोलापूर विभागाकडून निमंत्रण गेलं तर ते कुणा एकाच्या दुकानाचं राहणार नाही.

बैठकीला डाळिंबवालेही येतील, आपल्या जिल्ह्यात ते टळणार नाही, आणि ते तेल्याबद्दल विचारतील. तिथे ठाम राहा. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, बुरशीचा नाही, तुझा निकाल त्याला लागू होत नाही. त्यांना केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे पाठव. आपल्या अभ्यासाबाहेरच्या प्रश्नाला "याचं उत्तर माझ्याकडे नाही" म्हणणारी मुलगी गावाला हवी आहे. उत्तरं देणारे सल्लागार भरपूर आहेत.

बोलताना बागेचं नाव कुणाचंही घेऊ नकोस. ज्यांच्या बागेतली पानं होती त्यांना बैठकीआधी एकेकट्याने, त्यांच्या बांधावर जाऊन, त्यांचा स्वतःचा निकाल सांग. ते त्यांचं आहे. सोबत बाबा आले तर उत्तम. आले नाहीत तरी तू जा, पण बाबांना सांगून जा.

वेळापत्रक घट्ट आहे. मार्गदर्शकांशी बोलणं या आठवड्यात, वह्या घेऊन बाबांशी बसणं त्याच रविवारी, परसातल्या वेलाची तुलना लगेच सुरू कर, कारण चकत्यांना आठवडाभर लागतो. बैठक छाटणीच्या तारखा ठरण्याआधी. बाबा पहिल्या दिवशी वह्या देणार नाहीत असं धरून चाल. वहीतला एकच जुना हंगाम माग, आणि उतरवून काढायचं काम त्यांच्या समोर, दुकानातच बसून कर.

आणि हंगाम संपल्यावर त्याच बागांतून पुन्हा पानं घे, त्याच पद्धतीने. गट ११ बंद केलेल्या बागेत प्रतिकारक डाऊनीचं प्रमाण घटतं की तसंच राहतं, हे मोजल्याशिवाय पुढच्या वर्षी बाबांनी कोणता माल भरावा हे सांगता येणार नाही. त्या वेळचे आकडे मला जरूर कळव.